अर्जाआधी जमीन वाचताना : वाचकांचे प्रश्न

विकास परवानगीच्या अर्जासोबत जोडाव्या लागणाऱ्या पर्यावरणविषयक अहवालांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत. परवानगीचे नियम देशोदेशी वेगळे असतात, म्हणून उत्तरांचा भर कलमांवर नसून पाहणी कशी व्हावी आणि अहवाल कसा वाचावा यावर आहे. कायद्यांचे उल्लेख उदाहरणापुरतेच आले आहेत.

प्रश्न : एका लहान गृहप्रकल्पासाठी सल्लागाराने 'पर्यावरणीय आघात मूल्यांकन' आणि 'परिसंस्थीय मूल्यांकन' अशी दोन कामे वेगवेगळी सुचवली आहेत. हे एकाच कामाचे दोनदा पैसे घेणे नव्हे काय?

उत्तर : तसे नाही, मात्र दोन्ही कामांची तुम्हाला गरज आहेच असेही नाही. पर्यावरणीय आघात मूल्यांकन ही मोठी छत्री आहे. हवा, पाणी, माती, आवाज, वाहतूक, सांडपाणी, परिसरातील लोकांचे जीवनमान आणि सजीवसृष्टी या सगळ्यांवर प्रकल्पाचा काय परिणाम होईल याचा अंदाज तीत बांधला जातो. परिसंस्थीय मूल्यांकन हे तिच्यातील सजीवसृष्टीपुरते प्रकरण होय. जागेवर कोणते अधिवास आहेत, त्यांत कोण राहते, कोण केवळ ये-जा करते आणि बांधकामानंतर त्यांचे काय होईल, एवढेच ते विचारते.

अमेरिकेत राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा संमत झाला तो १९६९ मध्ये, आणि १ जानेवारी १९७० रोजी त्यावर स्वाक्षरी झाली. प्रकल्पापूर्वी परिणाम तपासण्याची कायदेशीर सक्ती तेथून सुरू झाली असे मानले जाते. युरोपीय समुदायाचा निर्देश १९८५ मध्ये आला, १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातील सतराव्या तत्त्वाने या पद्धतीला जागतिक मान्यता दिली आणि भारतात पहिली अधिसूचना २७ जानेवारी १९९४ रोजी, तर तिची जागा घेणारी दुसरी १४ सप्टेंबर २००६ रोजी निघाली. या बहुतेक कायद्यांत आकाराची किंवा प्रकाराची एक उंबरठा-मर्यादा असते. भारताच्या २००६ च्या अधिसूचनेत इमारतींसाठी ती २०,००० चौरस मीटर बांधकाम क्षेत्राची ठेवलेली होती. प्रकल्प या मर्यादेच्या आत असेल तर संपूर्ण मूल्यांकन सहसा लागत नाही.

मात्र संरक्षित प्रजातींना मिळणारे संरक्षण प्रकल्पाच्या आकारावर अवलंबून नसते, आणि अनेकांची फसगत होते ती येथेच. ब्रिटनमध्ये वटवाघळांच्या वसतिस्थानाला कायद्याचे संरक्षण आहे. एका जुन्या घराचे छप्पर उतरवायचे असले तरी ते लागू होते. त्यामुळे तुमच्या प्रकल्पाला मोठे मूल्यांकन नको आणि परिसंस्थीय पाहणी मात्र हवी, असे सहज होऊ शकते. सल्लागाराला कोणते काम कोणत्या नियमाखाली लागते हे एका पानावर लिहून मागा. ते लिहून देता येत नसेल तर तुमची शंका खरी समजा.

प्रश्न : आमच्या वस्तीशेजारच्या उघड्या कातळपठारावर प्रकल्प येतो आहे. एप्रिल-मे मध्ये चार दिवस पाहणी करून 'उल्लेखनीय जैवविविधता आढळली नाही' असे अहवालात लिहिले आहे. पावसाळ्यात तेच पठार फुलांनी भरून जाते. आमचे खरे की अहवालाचे?

उत्तर : दोन्ही खरे असू शकते, आणि अडचण तीच आहे. सल्लागाराला मे महिन्यात जे दिसले नाही ते त्याने 'दिसले नाही' असे लिहिले. त्यात खोटे काही नाही. पण 'आढळली नाही' या शब्दांचा अर्थ वाचणारा अधिकारी 'तेथे नाही' असा घेतो, आणि शोधण्याची वेळच चुकलेली होती ही गोष्ट या दोन वाक्यांच्या फटीत नाहीशी होते.

कातळपठाराचा उन्हाळा म्हणजे काळा, तापलेला दगड, भेगांमध्ये वाळलेले गवत आणि उथळ खळग्यांत तडकलेल्या मातीचा पातळ थर. त्या मातीत बोटभर खोलीवर कंद झोपलेले असतात आणि वर्षायू वनस्पतींचे धुळीसारखे बारीक बी पडून असते. पहिल्या पावसानंतर कंदांना पाने फुटतात. पुढे खळग्यांत पाणी साचले की कीटकभक्षी वनस्पतींची इवलाली फुले त्यांच्या काठावर येतात. यातील कित्येकांचा फुलण्याचा काळ दोन-तीन आठवड्यांचा असतो आणि फुलाशिवाय त्यांची प्रजात ओळखणे तज्ज्ञालाही अवघड जाते. तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालणारे बेडूकही तेवढ्याच अवधीत आपले काम उरकून दगडांखाली परततात. मे महिन्यात गुडघे टेकून दगड उचलणाऱ्या माणसाला यातले काही थोडे सापडेलही, पण हातात नोंदवही घेऊन सरळ चालत गेलेल्याला काहीच सापडणार नाही.

म्हणूनच ज्या देशांत ही पद्धत मुरलेली आहे तेथे प्रत्येक प्राणिगटाचा पाहणीकाळ ठरवून दिलेला असतो. ब्रिटनमध्ये वटवाघळे बाहेर पडताना मोजायची ती मे ते सप्टेंबर या काळात. तुरेवाला मोठा न्यूट हा सॅलमँडरच्या कुळातला एक संरक्षित उभयचर आहे. तो तळ्यात आहे की नाही हे पाण्यात विरघळलेल्या डीएनएवरून तपासता येते, परंतु नमुना १५ एप्रिल ते ३० जून या अवधीतच घ्यावा लागतो, कारण प्रजननासाठी तो त्या काळात पाण्यात असतो. पद्धतही ठरलेली आहे : तळ्याच्या काठाने फिरत वीस ठिकाणचे प्रत्येकी तीस मिलिलिटर पाणी एकत्र करायचे आणि त्यातून प्रयोगशाळेसाठी नमुने भरायचे. इतके करूनही उत्तर मिळते ते 'आहे' किंवा 'नाही' एवढेच. किती आहेत हे मोजायला पुन्हा रात्री टॉर्च घेऊन काठावर जावे लागते.

तुम्ही लेखी हरकत घेणार असाल तर 'आमचे पठार सुंदर आहे' असे लिहू नका. पाहणीच्या तारखा, त्या दिवसांचे हवामान आणि ज्या गटांची पाहणी त्या ऋतूत होऊच शकत नाही त्यांची यादी द्या, आणि योग्य ऋतूत पुरवणी पाहणी मागा. तुमच्याकडे मागील पावसाळ्यांतील तारीख-वेळ असलेली छायाचित्रे असतील तर ती नकाशावर जागा दाखवून जोडा. अशा नोंदी वजनदार ठरतात, कारण त्या खोडून काढायच्या तर सल्लागाराला त्याच ऋतूत परत यावे लागते.

प्रश्न : मी वास्तुविशारद आहे. आराखडा अंतिम झाला आहे, अर्ज पुढच्या महिन्यात भरायचा आहे, आता फक्त पर्यावरण अहवाल बाकी आहे. तो लवकरात लवकर कसा करून घेता येईल?

उत्तर : तुमच्या पत्रातील 'आता फक्त' हे दोन शब्द वाचून मी थोडा थांबलो. आराखडा झाल्यावर केलेले मूल्यांकन हे मूल्यांकन राहत नाही, ते समर्थन होते. इमारत कोठे उभी राहणार, रस्ता कोठून आत येणार आणि पाणी कोठे वाहून जाणार हे ठरून गेल्यावर परिसंस्था-तज्ज्ञाच्या हाती कुंपणाला भोके ठेवणे, दिव्यांची तोंडे खाली करणे आणि झाडे लावणे एवढीच कामे उरतात. तोच माणूस कोऱ्या नकाशावर आला असता तर प्रवेशरस्ता वीस मीटर सरकवून ओढ्याचा काठ वाचवता आला असता, आणि त्यासाठी पेन्सिलीच्या एका रेघेपलीकडे काही खर्च आला नसता.

उशिरा कळण्याची किंमत काय असू शकते याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील टेलिको धरणाचे आहे. लिटल टेनेसी नदीवरील या धरणाचे काम १९६७ मध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या १९६९ च्या अमेरिकी कायद्याच्याही आधी, सुरू झाले. परिणाम-अहवाल नसल्यामुळे न्यायालयाने ते १९७२ मध्ये थांबवले. काम थांबलेले असताना, १९७३ च्या ऑगस्टमध्ये, डेव्हिड एटनियर या प्राणिशास्त्रज्ञांना नदीच्या उथळ खडकाळ भागात बोटभर लांबीचा एक मासा मिळाला. गोगलगायी खाणाऱ्या या माशाला 'स्नेल डार्टर' हे नाव पडले. १९७५ मध्ये तो संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ पूर्ण झालेले धरण माशासाठी थांबवले. पुढच्या वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, धरणाला संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्यातून सूट दिली आणि पाणी अडले. मासा इतर नद्यांत सोडला गेला, तगला आणि २०२२ मध्ये यादीतून बाहेर आला. २०२५ च्या एका अभ्यासात तर तो वेगळी प्रजात नसून आधीच माहीत असलेल्या दुसऱ्या डार्टर माशाचीच एक शाखा असल्याचे मांडले गेले आहे. या कथेतून मासाप्रेमी एक अर्थ काढतात आणि धरणप्रेमी दुसरा. मला तिच्यात दिसते ते एवढेच की नदीच्या तळाची पाहणी १९६७ च्या आधी झाली असती तर भांडण कागदावर झाले असते, काँक्रीटवर नव्हे.

तुमच्यापुरते व्यवहार्य उत्तर असे. अर्जाची तारीख पुढे ढकला. आधी प्राथमिक पाहणी करून घ्या. एक अनुभवी माणूस एक-दोन दिवस जागेवर हिंडून अधिवासांचा नकाशा काढतो आणि कोणत्या गटाची सविस्तर पाहणी कोणत्या महिन्यात लागेल ते सांगतो. ती यादी हाती आली की अर्जाचे वेळापत्रक तिच्याभोवती आखा. ऋतू चुकला तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागते, आणि हा उशीर कोणत्याही शुल्काने भरून निघत नाही.

प्रश्न : तोडल्या जाणाऱ्या प्रत्येक झाडामागे दहा झाडे लावण्याचे प्रकल्पकर्त्याने मान्य केले आहे. मग नुकसान कोठे आहे?

उत्तर : दहा या आकड्यात आहे. आकडा मोठा असला की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

ऐंशी-शंभर वर्षांच्या झाडाला वादळात मोडलेल्या फांदीच्या जागी ढोली पडते, सुटलेल्या सालीखाली वटवाघळे राहतात, मेलेल्या खोडात भुंग्यांच्या अळ्या वाढतात आणि त्यांवर सुतारपक्षी जगतात. सुताराने कोरलेल्या आणि नंतर सोडून दिलेल्या भोकात पोपट किंवा पिंगळा घर करतो. मनगटाएवढ्या खोडाच्या दहा रोपांत, किंवा शंभर रोपांत, एकही ढोली नसते. ती पडायला काही दशके लागतील आणि पिंगळ्याला घर या वर्षी हवे आहे. शिवाय तोडलेली झाडे ओढ्याकाठी एका रांगेत असतील आणि नवी झाडे पाच किलोमीटरवरील मोकळ्या गवताळ माळावर लावली जाणार असतील, तर ओढ्याकाठचा प्राणी-पक्ष्यांचा मार्ग तुटतो तो तुटतोच, वर चांगला माळही बिघडतो. गवताळ प्रदेश ही स्वतंत्र परिसंस्था आहे, ती झाडांची वाट पाहणारी रिकामी जागा नव्हे, हे अनेक अहवाललेखकांना अजून पटलेले नाही.

या क्षेत्रात एक उतरंड सर्वत्र मान्य आहे. आधी नुकसान टाळायचे, जे टळत नाही ते कमी करायचे, झालेले जागेवरच दुरुस्त करायचे, आणि एवढे करूनही जे उरेल त्याचीच भरपाई अन्यत्र करायची. दहा झाडांचे आश्वासन ही शेवटची पायरी आहे. आधीच्या तीन पायऱ्यांवर काय केले हे अहवालात शोधा. झाडांच्या जागा इमारतीच्या नकाशावर टाकून, जोत्याची रेघ हलवून पाहिली होती काय?

भरपाई मोजण्याच्या अधिक कसदार पद्धतीही आहेत. इंग्लंडमध्ये १२ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रकल्पांना जैवविविधतेत किमान १० टक्के निव्वळ वाढ दाखवावी लागते. तेथे झाडांची संख्या मोजत नाहीत. अधिवासाचे क्षेत्रफळ, त्याचे वैशिष्ट्य आणि त्याची स्थिती यांवरून गुण काढतात, नवा अधिवास तयार व्हायला लागणारा काळ व जोखीम यांसाठी गुण कापतात आणि तो ३० वर्षे सांभाळण्याची हमी घेतात. प्राचीन वनासारखे जे पुन्हा निर्माणच करता येत नाही ते या हिशेबाबाहेर ठेवले आहे. ही पद्धत निर्दोष नाही; गुण वाढवण्यासाठी मूळ जागेची स्थिती वाईट दाखवण्याचा मोह तीतही असतो. तरीही 'एकास दहा' या हिशेबापेक्षा ती कितीतरी प्रामाणिक आहे.

प्रश्न : आमच्या रस्त्यावर पाच प्रकल्प येत आहेत आणि पाचही अहवालांत परिणाम 'नगण्य' आहे. पाच नगण्यांची बेरीजही नगण्यच का?

उत्तर : नाही. याला संचयी परिणाम म्हणतात. आवाजाचे उदाहरण घेऊ. डेसिबल ही लॉगरिदमच्या मापाची एकके आहेत. ६० डेसिबल आवाजाच्या यंत्राशेजारी तसेच दुसरे यंत्र ठेवले तर एकूण आवाज १२० होत नाही, ६३ होतो. दहा यंत्रे ठेवली तर ७०. म्हणजे शेवटून आलेला प्रत्येक प्रकल्प 'माझ्यामुळे अर्धा डेसिबलच वाढला' असे खरे बोलू शकतो, आणि रस्ता तरीही राहण्याजोगा उरत नाही. पाणथळीचे उलट असते. तेथे प्रत्येक भरावाने थोडी थोडी जागा जाते आणि एका टप्प्यानंतर पक्षी एकदमच येणे थांबवतात. म्हणून मंजूर झालेले आणि अर्ज दाखल असलेले शेजारचे प्रकल्प आधाररेखेत, म्हणजे तुलनेसाठी मानलेल्या मूळ स्थितीत, धरले आहेत काय, एवढे पाहा. धरले नसतील तर पाचही अहवालांनी रस्ता रिकामा मानून हिशेब केला आहे.

प्रश्न : अहवाल साडेतीनशे पानांचा आहे आणि हरकतीसाठी मुदत थोडी. तज्ज्ञ नसलेल्या माणसाने कोणती पाने वाचावीत?

उत्तर : सारांश शेवटी वाचा, तो समाधान करण्यासाठीच लिहिलेला असतो.

प्रथम परिशिष्टातील पाहणीचा तक्ता उघडा. कोण, कोणत्या तारखेला, किती वाजता, किती तास, कोणत्या वाटेने फिरले हे त्यात असायला हवे. पक्ष्यांची पाहणी भर दुपारी झाली असेल तर पुढचे निष्कर्ष वाचण्याची घाई नको. मग प्रजातींची यादी पाहा. जो पक्षी त्या प्रदेशात कधीच येत नाही किंवा जे झाड त्या उंचीवर वाढतच नाही ते यादीत दिसले, तर यादी दुसऱ्या अहवालातून उचललेली असण्याची शक्यता मोठी. चांगल्या यादीत बहुधा एक-दोन ओळी 'प्रजाती निश्चित नाही' अशाही असतात, आणि त्यांच्यामुळे माझा विश्वास वाढतो. रोज किती नव्या प्रजाती मिळाल्या याचा आलेख दिला असेल तर तो सपाट झाला आहे का ते बघा. शेवटच्या दिवशीही नव्या नोंदी भराभर मिळत असतील तर पाहणी अर्ध्यावर थांबली आहे.

त्यानंतर पर्यायांचे प्रकरण वाचा. 'प्रकल्प न करणे' हा पर्याय एका परिच्छेदात निकालात काढलेला असतो, ते अपेक्षितच आहे. पण दुसरी जागा, दुसरी मांडणी, कमी उंची यांचा खरोखर तौलनिक विचार केला आहे की सगळे पर्याय मुद्दाम कमकुवत रचले आहेत, हे सामान्य वाचकालाही सहज ओळखता येते.

शेवटी मूळ अर्ज अहवालाशी ताडून पाहा. गोव्यातील मोपा विमानतळाच्या प्रकरणात २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरी स्थगित केली आणि तज्ज्ञ समितीला फेरविचार करायला सांगितले. परिसरातील वने आणि पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे यांची माहिती अर्जात नीट उघड केलेली नव्हती, हे त्यामागचे एक ठळक कारण होते. पुढे जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली आणि वाढीव अटींसह प्रकल्प मार्गी लागला. अर्जातील एका रकान्यात 'नाही' लिहिलेले असताना नकाशावर तेथे हिरवा ठिपका दिसतो आहे, अशी विसंगती शोधायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही.

प्रश्न : सल्लागाराचे शुल्क प्रकल्पकर्ताच देतो. मग त्याच्या अहवालावर आणि परवानगीनंतरच्या अटींवर विश्वास का ठेवावा?

उत्तर : शुल्क कोणी तरी देणारच, आणि परिणाम घडवणाऱ्याने ते द्यावे हे तत्त्व म्हणून योग्यच आहे. दोष असा की सल्लागाराची निवडही तोच करतो आणि पुढचे काम मिळणेही त्याच्याच मर्जीवर असते. मान्यताप्राप्त सल्लागारांची यादी, अहवालावर पाहणी करणाऱ्यांची नावे व स्वाक्षऱ्या, कच्च्या नोंदी सर्वांना खुल्या करणे आणि शासनाकडून स्वतंत्र तज्ज्ञाकडे फेरतपासणी, हे त्यावरचे उपाय आहेत. यांतील कच्च्या नोंदींचा उपाय मला सर्वांत परिणामकारक वाटतो. आपली नोंदवही परके लोक उघडून पाहणार हे ठाऊक असलेला माणूस दुपारी दोन वाजता पक्षी मोजत नाही.

अटींबाबत मात्र तुमचा अविश्वास रास्त आहे. परवानगीपत्रात तीस-चाळीस अटी असतात आणि त्यांतील पुष्कळशा 'आवश्यक ती काळजी घ्यावी' अशा प्रकारच्या, म्हणजे मोडताच न येणाऱ्या. अट तपासता येण्याजोगी हवी. 'ओढ्याच्या काठापासून पंधरा मीटरपर्यंत बांधकाम, भराव किंवा साहित्याची साठवण करू नये. काम सुरू होण्यापूर्वी ही हद्द कुंपणाने आखावी. पहिली पाच वर्षे दर पावसाळ्यानंतर त्याच चार ठिकाणांहून छायाचित्रे काढून अहवालासोबत द्यावीत', अशी अट असेल तर शेजारचा कोणीही टेप घेऊन जाऊ शकतो. हरकतीच्या पत्रात केवळ विरोध न नोंदवता तुम्हाला हव्या त्या अटींचा मसुदाही अशाच शब्दांत लिहून द्या. मंजुरी मिळालीच, तर तयार वाक्य अधिकाऱ्याच्या हाताशी असते आणि ते जसेच्या तसे परवानगीपत्रात उतरण्याची शक्यता बरीच वाढते.